वय विचारल्याशिवाय पोतं न देणारी गिरणी

विट्यात ‘कोंबडीखाद्याची गिरणी कुठं?’ एवढंच विचारा, चहाच्या टपरीवालाही हात करून दाखवेल. पाटी म्हणाल तर आहे, पण अक्षरं मक्याच्या धुळीखाली गेलीत आणि मालकाला ती पुसायची घाई नाही. ‘नाव कुठं घालू नका, हाय तीच रांग आवरंना,’ असं त्यानं हात जोडून सांगितलं, म्हणून मीही घालत नाही. गेले सात महिने माझ्या तलंगांचं (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांचं), आणि आता अंड्यावर आलेल्या कोंबड्यांचं, खाद्य तिथूनच येतं. त्याबद्दल लिहायचं कारण असं की आधी दुसरीकडून आणलं आणि चांगलाच हात पोळून घेतला.

मी खानापूर तालुक्यातला, जातीवंत गलाईवाला. २३ वर्षं मदुरैत सोनं-चांदी आटवण्यात आणि टंच, म्हणजे शुद्धता, काढण्यात गेली. धाकटा भाऊ अजून तिकडंच आहे. मी परत आलो तेव्हा टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलेलं, मका हिरवीगार, आणि म्हशींचा गोठा रिकामा. बायको म्हणाली, म्हशी आता नकोत, माझे गुडघे राहिले नाहीत, कोंबड्या करू. मग बीव्ही ३०० या अंड्यांसाठीच्या जातीची एका दिवसाची ३०० पिल्लं आणली. बल्बची ऊब, लसी, पिल्लांचं खाद्य, पहिले आठ आठवडे काही बिघडलं नाही. नऊ पिल्लं गेली, तेवढी जातातच म्हणतात. राहिली २९१.

बिघडलं ते नवव्या आठवड्यात. पिल्लांचं खाद्य संपलं, आता ग्रोअर, म्हणजे वाढत्या पाखरांचं खाद्य, लागणार, एवढं मला माहीत होतं. ज्या दुकानात गेलो ते कुठलं ते सोडा. दुकानदार म्हणाला, ‘ग्रोअर आठ दिवस नाही यायचं. लेयर न्या, अंड्यावरच्यांचं. पुढं तेच चालू करायचंय की. शंभर रुपये जास्त, पण दम बघा की मालात.’ ‘दम’ या शब्दाला मी भुललो. सोन्यात कस जास्त म्हणजे माल चांगला, ही माझी २३ वर्षांची समजूत. चार पोती गाडीत टाकली, संपली की परत चार, परत चार.

तीन आठवड्यांनी शेडात खाली अंथरलेलं तूस ओलं राहायला लागलं. रोज हलवायचो, दुसऱ्या दिवशी परत चिखल. पाखरं पाणी फार पीत होती. मला वाटलं ऊन वाढलंय. मग एक-दोन तलंगा पिसं फुगवून कोपऱ्यात बसायला लागल्या. एक मेली, दोन दिवसांनी दोन. पाचव्या आठवड्याअखेर ११ गेल्या. साथीचं लक्षण म्हणावं तर शिंक नाही, रक्ताची विष्ठा नाही, मान वाकडी नाही. ताज्या मेलेल्या दोन पिशवीत घालून सरकारी दवाखान्यात नेल्या.

डॉक्टरांनी मागच्या कट्ट्यावर फाडून दाखवल्या. मूत्रपिंडं सुजून फिकी पडलेली, त्यातून निघणाऱ्या नळ्या पांढऱ्या दोरीसारख्या ताठ, आणि काळजावर कुणी चुन्याचा हात फिरवावा तसा थर. ‘खायला काय घालताय?’ मी सांगितलं. ‘किती वयापासून?’ तेही सांगितलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘अंडं देणारी कोंबडी एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम घालते. म्हणून लेयरच्या खाद्यात ते साडेतीन टक्के असतं. तुमची तलंग अंडंच देत नाही, तिला एक टक्का बास. बाकीचं तिनं कुठून बाहेर काढायचं? मूत्रपिंडातूनच. ती थकली की हे असं.’ या रोगाला गाउट म्हणतात, माणसाला होतो त्याच नावाचा. जी पाखरं वाचली त्यांच्या मूत्रपिंडाचं नुकसानही पूर्ण भरून येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

घरी आल्यावर माळ्यावरचा जुना काटा काढला. सोन्याचा, मिलिग्रॅमपर्यंतचा. बायको म्हणाली, आता काय मोजताय, गेलेल्या कोंबड्या? मी दुकानातल्या पोत्यातलं १०० ग्रॅम खाद्य तोललं, पाण्यात ढवळलं, वर तरंगलेला भुसा-पीठ ओतून दिलं, परत पाणी, परत ओतलं. राखेतून सोनं धुऊन काढतात तसंच. तळाला बसलेले खडे वाळवून तोलले तर साडेसात ग्रॅम भरले. त्यावर लिंबू पिळलं, फसाफसा फेस आला. निव्वळ चुनखडी. म्हणजे ५० किलोच्या पोत्यातला पावणेचार किलो दगड मी आठ आठवड्यांच्या पिल्लांना घालत होतो, आणि तोही शंभर रुपये जास्त देऊन. पोत्यात खोट नव्हती, हे लक्षात घ्या. लेयरचं पोतं म्हणून ते चोख होतं. देणाऱ्यानं वय विचारलं नाही आणि घेणाऱ्याला अक्कल नव्हती.

या गिरणीचं नाव डॉक्टरांकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी गेलो. पुढं तीन गाड्या, मका, पेंड, धूळ, हॅमर मिलचा आवाज असा की बोलायचं तर कानात बोलावं लागतं. मालक पन्नाशीचा, भुवया पिठानं पांढऱ्या. मी म्हणालो, दहा पोती ग्रोअर द्या. तो म्हणाला, ‘पाखरं कितव्या आठवड्यात?’

‘चौदाव्या.’

‘वजन?’

‘साधारण नऊशे...’

‘साधारण नगं पावणं. वजन करून या. तीस पाखरं धरा. कोपऱ्यातली हाताला लागतील ती धरू नका, ती मऊच असत्यात. सगळ्या शेडमधनं धरा, एकेक तोला, एकेक लिहा.’

आणि मागच्या माणसाकडं वळला. मला पोतं दिलंच नाही! राग आला. २५ किलोमीटर आलेला गिऱ्हाईक, खिशात रोख पैसे, आणि हा परत पाठवतो. पण मनात कुठंतरी बरंही वाटलं. आमच्या धंद्यात टंच न काढता भाव सांगणाऱ्याला लबाड म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तीस तलंगांची वजनं वहीत लिहून नेली. सरासरी ८४० ग्रॅम. त्यानं सरासरीकडं नीट बघितलंही नाही, मला आधी दहा टक्के वरचा आणि दहा टक्के खालचा आकडा काढायला लावला, ७५६ आणि ९२४. ‘आता यांच्या मधी किती बसत्यात मोजा.’ १९ बसल्या. तो म्हणाला, तीसमधल्या चोवीस तरी मधी पायजेत. सरासरी चांगली पण कळप उंच-सखल असेल तर अर्ध्या कोंबड्या आज अंड्यावर येणार, अर्ध्या महिन्यानं. मग खाद्य कुणाच्या मापाचं द्यायचं? माझ्या पाखरांची सरासरीही मागं होती आणि कळपही उंच-सखल. दुखणाईत कळपाचं दुसरं काय व्हायचं.

मग त्यानं हिशेब सांगितला, तो मी काट्यावर पडताळलाय म्हणून इथं देतो. ग्रोअरच्या एका क्विंटलला मका ५० किलो, तांदळाचा तेल काढलेला कोंडा ३० किलो (सगळे त्याला डीओआरबी म्हणतात), सोयाबीनची पेंड १६ किलो. उरलेल्या चार किलोत चुनखडीची भुकटी दीड किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) एक किलो, मीठ ३०० ग्रॅम, आणि बाकी व्हिटॅमिन-खनिजांचं मिश्रण, मेथिओनिन आणि लायसिन ही अमिनो आम्लं, बुरशीच्या विषावरचं औषध, रक्ती हगवणीवरचं औषध. प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास बसतात. पिल्लांना वीसच्या आसपास लागतात, अंड्यावरच्यांना सतरा-अठरा, मधल्या वयाला सगळ्यात कमी. मला हे उलटं वाटलं होतं, वाढीचं वय म्हणजे जास्त पाहिजे. तो म्हणाला, ‘या वयात हाडं भरायची, पोट मोठं करायचं. चरबी चढवायची न्हाई. कोंडा त्यासाठीच. आज पोट भरून खायची सवय लागली तर उद्या अंड्यावर असताना शंभर-सव्वाशे ग्रॅम खाईल, न्हाईतर तिथं कमी पडंल.’

मका घरची आणलीत तर तो घेतो, भरडून मिसळून देतो, किलोला दीड रुपया मजुरी. पण मका तपासतो. माझी पहिली खेप त्यानं परत केली. दाणा दाताखाली धरला, टचकन फुटला नाही. मग ओलावा बघायचं यंत्र लावलं, साडेसोळा. ‘तेराच्या आत आणा.’ दोन दिवस स्लॅबवर वाळवत बसलो, वर कावळ्यांची राखण. ओली मका भरडून पोत्यात भरली की आत बुरशी धरते, बुरशीचं विष डोळ्याला दिसत नाही आणि कोंबडीच्या काळजाला नव्हे, यकृताला खातं. वाढत्या पाखराची वाढ तिथंच खुंटते, लसही नीट लागू पडत नाही. त्या दिवशी मी त्याला शिव्या दिल्या होत्या, मनात. पावसाळ्यात त्याच्याकडं रांग असते आणि दुसरीकडून आणलेल्या पोत्यांना वास येतो, हे बघितल्यावर परत घेतल्या.

पेंडीच्या बाबतीत तो जरा जास्तच संशयी आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं, सरकारला १२ लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली होती, ते दिवस त्याच्या अंगावर आहेत. पेंडीत युरिया मिसळायची खोड जुनी. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनं काढते, युरियात नायट्रोजन भरपूर, त्यामुळं कागदावर आकडा फुगतो. म्हशीच्या पोटातले जंतू तो थोडाफार वापरतात तरी, कोंबडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडं रंग तसाच ठेवून आत तांबं-जस्त घालणारे कमी का होते.

भरडणीबद्दल: जाळी तो वयाप्रमाणं बदलतो आणि हे मला सगळ्यात आवडलं. बाजारच्या पोत्यात पिठासारखं बारीक फार असायचं. कोंबडी पीठ खात नाही, दाणा टिपते. आधी मक्याचे मोठे तुकडे उचलते, खाली राहतं ते पीठ, आणि व्हिटॅमिन, खनिजं, सगळं महागाचं सामान त्या पिठातच. मी रोज वरून ताजं खाद्य ओतायचो आणि खालचं आंबायचं. त्यानं सांगितलं, दिवसातून एकदा भांडी पूर्ण रिकामी होऊ द्या, चाटूनपुसून. दुपारी तास-दीड तास रिकामी राहिली तरी चालतात. पहिले दोन दिवस पाखरांनी असा गोंगाट केला की शेजारचे तात्या कुंपणाशी येऊन म्हणाले, उपाशी मारताय काय रं? तिसऱ्या दिवसापासून पीठही संपायला लागलं.

औषधं-व्हिटॅमिनं तो थेट मिक्सरमध्ये ओतत नाही. आधी घमेल्यात पाच किलो मक्याच्या पिठात हातानं एकजीव करतो, मग मिक्सरमध्ये, मग पंधरा मिनिटं. दीडशे ग्रॅम वस्तू क्विंटलात सारखी पसरायची तर दुसरा मार्ग नाही. गर्दी असली की मात्र पंधराची दहा मिनिटं होतात, हे मी घड्याळ लावून बघितलंय. एकदा एका पोत्यात मिठाचा गठ्ठा सापडला, बोराएवढा. फोन केला तर ‘बदलून देतो’ म्हणाला आणि दिलं. पण जास्त मीठ एखाद्या पाखराच्या वाट्याला आलं असतं तर? यासाठी मी त्याच्या पाच ताऱ्यांतला एक कापतो. मी उभा असलो की पंधरा, नसलो की दहा, हे बरोबर नाही.

सतराव्या आठवड्यात परत तीस तोलल्या. सरासरी १,१३० ग्रॅम, तीसमधल्या २५ मधल्या पट्ट्यात. वही दाखवली तर पहिल्यांदा हसला, भुवयांवरचं पीठ सांडलं. तोवर आमच्या शेडात रात्रीचा दिवाही बंद करून घेतला होता त्यानं. बायको मुंगसाच्या भीतीनं एक बल्ब रात्रभर ठेवायची. वाढत्या तलंगेचा दिवस लांबवला की ती वजन भरायच्या आतच अंड्यावर येते, अंडी लिंबाएवढी, आणि काहींचं अंग बाहेर येतं. मुंगसासाठी आम्ही जाळी बसवली. ती खर्चिक पडली, पण तो विषय वेगळा.

अंड्यावर यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे वेगळं खाद्य लागतं, त्याला प्री-लेयर म्हणतात. तुरे लाल व्हायला लागतात, पाठीवर हात ठेवला की तलंग पंख पसरून खाली बसते, तेव्हा ओळखायचं. या दिवसांत ती नळीच्या हाडांत कॅल्शियमचा साठा करते, पुढं टरफलाला तोच उपसते. म्हणजे आता एक टक्का कमी आणि साडेतीन जास्त. बाजारात प्री-लेयरची पोती आमच्यासारख्या छोट्या माणसाला कुठं मिळतात? गिरणीवाला म्हणाला, ‘अर्धं ग्रोअर, अर्धं लेयर.’ एक आणि साडेतीनची निम्मी सव्वादोन. २२ कॅरेटात शुद्ध सोनं घालून कॅरेट चढवायचा हिशेब मी झोपेतही करतो, पण हा मला सुचला नव्हता.

पहिलं अंडं एकोणिसावा आठवडा संपता संपता मिळालं, सोन्याच्या काट्यावर ४१ ग्रॅम. काटा भावाला फोटो काढून पाठवला, तो म्हणाला, याचा टंच किती? आता २७६ कोंबड्यांत रोज २३५ ते २४० अंडी निघतात. मधे ते पाच आठवडे वाया गेले नसते तर जास्त निघाली असती, हे डॉक्टर म्हणतात आणि मलाही पटतं.

आमच्या शेजारच्या वहिनींना पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतून तलंगांचा गट मिळालाय, २५ माद्या आणि तीन नर, निम्म्या अनुदानावर. त्या माझ्याबरोबर गिरणीवर आल्या. इथं गिरणीची दुसरी अडचण: दोन क्विंटलच्या आत तो मिसळून देत नाही. मिक्सरच तेवढा, कमी माल नीट फिरत नाही, हे खरं. पण तयार ढिगातलं ग्रोअर सुटं तोलून देतो, २० किलोही देतो. वहिनींना त्यानं विचारलं, परसात सोडता का? किती वेळ? उकिरडा आहे का? दिवसभर चरणाऱ्या पाखराला किडा-मुंगी, पाला मिळतो, तेव्हा संध्याकाळी परत आल्यावर थोडंच घाला म्हणाला. रेशनचा तांदूळ एकटा घालू नका, त्यानं पोट भरतं पण प्रथिनं मिळत नाहीत. आणि अंड्यावर आल्या की शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा, ज्या कोंबडीला पाहिजे ती खाईल, नरांच्या पोटात उगाच जायला नको. वहिनी परत येताना म्हणाल्या, दवाखान्यात एवढं विचारत नाहीत भावजी.

भाव. माझी मका धरून ५० किलोचं पोतं मला १,५२० रुपयांना पडलं, त्याच आठवड्यात बाजारचं ग्रोअर १,७०० होतं. पेंडीचा भाव हलला की त्याचाही हलतो, आणि तो आधी सांगत नाही, तोलताना सांगतो. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतो. अनुदानाच्या, कर्जाच्या कागदाला ते चालत नाही, ज्यांना पक्कं बिल लागतं त्यांनी आधीच बोलून घ्यावं. उधारी नाही. वजनात खोट अजून सापडली नाही; सात महिन्यांत प्रत्येक पोतं घरी तोललंय, सगळ्यात कमी भरलं ते ४९ किलो ९०० ग्रॅम, आणि ते त्याला सांगितलं तर पुढच्या खेपेला ओंजळभर जास्त टाकून वर बघून म्हणाला, ‘झालं का तुमच्या तोळ्या-माशाचं?’

पाचातले चार तारे. अमावस्येला बंद असते. सकाळी दहाच्या आत गेलात तर लाइट असते आणि मिक्सरची पंधरा मिनिटं पूर्ण भरतात. दहानंतर कधी लाइट जाईल सांगता येत नाही, मग तिथंच पोत्यावर बसून राहावं लागतं. मका चाळून न्या. रिकामी पोती घरची न्या, त्याच्या पोत्याचे पंधरा रुपये वेगळे. आणि पाखरं तोलल्याशिवाय जाऊ नका, हेलपाटा पडेल.